प्याला पुढे जातो

७ सप्टेंबर, रविवार
आज पुन्हा घेतलं नाही. प्रभुभोजनाचा द्राक्षरसाचा प्याला आमच्या चर्चच्या मंडळीत अजून सगळ्यांना मिळून एकच, बाकावरून हातोहात येतो. माझ्याकडे आला, मी तसाच पुढे दिला. सलग तिसरा महिना. काही वाटलं नाही. हेच वाईट — काही वाटतच नाही!

पाळकसाहेब दर वेळी बजावतात, मनात पाप ठेवून घेऊ नका. माझं पाप — लिहूनच टाकते, इथे कोण बघतंय — हस्तमैथुन. वय चौतीस, लग्न नाही, दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त-लघवी तपासते.

९ सप्टेंबर
जूनच्या शिबिरात पुण्याचे वक्ते आले होते. विषय 'शुद्धता'. पुरुषांना एका खोलीत बसवून हे सगळं स्पष्ट सांगितलं. आम्हा बायकांना दुसऱ्या खोलीत — ओढणी नीट घ्या! म्हणजे आमच्यात हे नसतंच. भिंतीपलीकडून ऐकू आलं तेवढं मी घरी घेऊन आले.

१४ सप्टेंबर
मोबाइलवर तीन उपदेशक ऐकले. एक म्हणतो, पापच, मनातली वासना म्हणजे व्यभिचार. दुसरा म्हणतो, शास्त्रात याचं नावही नाही, उगाच ओझं वाहू नका. तिसरा — उपास करा. तिघांच्या हातात बायबल तेच.
उपास केला. पित्त झालं.

२८ सप्टेंबर, रविवार
महिला मंडळाच्या गुणवंतीबाईंनी उपासनेनंतर कोपर धरून बाजूला घेतलं. "कोण हाय गो तो? आपल्यातला तरी हाय ना?" मला आधी कळेचना. प्याला घेत नाही म्हणजे बाई कुणाबरोबर तरी असणारच! अहो, असा कोणी असता तर एवढं रामायण कशाला झालं असतं?
हसू यायला हवं होतं.

१ ऑक्टोबर
माझ्यासाठी बघितलेल्या निहारच्या घरचा राजापूरहून फोन. स्थळ पुढे नको म्हणाले. कारण सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती; गुणवंतीबाईंचा 'तो' राजापूरपर्यंत पोचला असणार. आईने फोन ठेवला आणि कोळंबी सोलायला बसली. निहार बरा होता. दोनदा भेटलो, दोन्ही वेळा माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरलेला.
दोन वेळा भात वाढून घेतला.

३ ऑक्टोबर
आईने विचारलंच. "काय ता खरा सांग. दिवस गेलेत काय गो?"
सांगितलं. तो शब्द तोंडातून निघेना. "कोणी नाही, आई. एकटीच. स्वतःशीच," एवढंच म्हटलं. तिला कळलं. गॅस बंद करून आत गेली. कौटुंबिक प्रार्थना झाली नाही — मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदाच.
आता मात्र वाटलं. लाज.

४ ऑक्टोबर
आईने डबा भरून ओट्यावर ठेवला आणि मागच्या दारी कपडे धुवायला गेली. लॅबला गेले. आले.

५ ऑक्टोबर, रविवार
आई आज बाकावर माझ्या अलीकडे बसली, प्याला आधी तिच्या हातात येईल अशी. प्याला आला, ती प्यायली, पण हातातून सोडेना. मागचे लोक खोळंबले. माझ्या कानाशी आली. "तुझा बापूस गेल्यावर चार वर्सां मी पण असाच पुढे केला. सर्दी हाय म्हणून सांगायचे. तुझ्यासारखाच होता सगळा. पी गो."
प्यायले.