दुपारचं चाक

अहो,

लिहायला बसलेय खरी, पण पेन हातात धरायचाही कंटाळा आलाय. तुम्ही गेल्यापासून मला सगळ्याचाच कंटाळा येतो. भाजी निवडायचा, दारावर आलेल्या माणसाशी बोलायचा, पंखा चालू करायला उठायचासुद्धा. आज लिहितेय ते एवढ्यासाठी, की दुपारी बसस्टँडसमोरचे आपले सायकलवाले रज्जाकभाई तुमची रेसची सायकल घेऊन आले आणि जाताना असं काही सांगून गेले, की कोणावर चिडावं तेच कळेना. चिडायचं तर तुमच्यावरच चिडायला हवं. तुम्ही नाही, म्हणून कागदावर चिडते.

खापर गावातलं ते लग्न आठवतंय ना? डायलिसिस सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. पाय मोकळे करून येतो म्हणून मांडवातून उठलात आणि परत आलात ते भंगारवाल्याची हातगाडी घेऊन! गुजरातेतून आलेल्या लोखंडाच्या ढिगात तुम्हाला ही सापडली. बारीक नळ्यांची, हँडल म्हशीच्या शिंगांसारखं वळलेलं, टायर नाहीत, चेन गंजून ताठ. पाहुण्यांच्या देखत तुम्ही तिच्या दांड्यावर नाणं वाजवलंत आणि मला म्हणालात, “ऐक, कशी वाजस! अस्सल पोलाद शे.” मला त्यात ऐकू आलं ते एवढंच, की आता आणखी एक आजारी घरी येतंय. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तेही लंगडं!

परत शहाद्याला घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही मात्र जीपच्या टपावर ती नीट बांधलीय ना, हे दर स्टॉपला उतरून बघत होतात.

हौस होती, मान्य. तरुणपणी तुम्हाला रेसची सायकल हवी होती आणि मामंजींनी दुधाच्या कॅनची काळी सायकल हातात दिली, हे लग्नानंतर इतक्यांदा ऐकवलंत की माझ्या माहेरच्यांनाही पाठ झालं होतं. मग एसटीचं स्टिअरिंग हातात आलं आणि ती हौस तिथेच राहिली. पण हौस करायची ती पायात बळ असताना करावी ना? घरापुढच्या ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना धाप लागणाऱ्या माणसाने रेसची सायकल घ्यायची?

आणि मग माझ्या स्वयंपाकघरावर धाड पडली. पीठ मळायच्या परातीत डिझेल आणि त्यात बुडवलेल्या दातेरी चकत्या. आमटीची चिंच रिमवर घासून संपलेली. चुलीची राख माझ्या माहेरून, कळसाडीहून मागवलीत! सुईने रिमच्या एकेका भोकातला गंज कोरायचात, जुन्या बनियनने एकेक तार पुसायचात. डाव्या हातात डायलिसिससाठी शिरा जोडलेल्या, त्या हाताने ओझं उचलू नका म्हणून मी ओरडायचे, तर तुम्ही म्हणायचात की हिला काही ओझंच नाही. मी खोटं समजायचे.

नंतर चाकाचं सुरू झालं. ओट्यावर सायकल उलटी उभी करायची, मागचं चाक फिरवायचं, ते कुठे लचकतं ते बघायचं आणि तिथली तार जराशी आवळायची. रज्जाकभाई त्याला आऊट काढणं म्हणतात. चाक फिरलं की टिकटिक टिकटिक आवाज यायचा, हळूहळू मंद होत थांबायचा, की तुम्ही पुन्हा फिरवायचात.

आता एक सांगते, जे तुम्ही असताना सांगितलं नाही. त्या आवाजात मला झोप लागायची.

रात्रीची झोप तर तुमच्या आजारात कधीच गेली होती. तुमचे पाय वळायचे, अंगाला खाज सुटायची, मी तेल लावत बसायचे. दिवसा आडवं व्हावं, तर तुम्ही ओट्यावर गप्प. ते गप्प बसणं मला झोपू देत नव्हतं. मी दर थोड्या वेळाने उठून दारातून बघायचे, तुमची छाती वरखाली होते की नाही. एकदा तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, “मी आजून मरेल नही.” मला इतका राग आला होता! पण बघणं काही सुटलं नाही. टिकटिक सुरू झाली आणि बघायची गरज संपली. चाक फिरतंय म्हणजे माणूस आहे. मी स्वयंपाकघराच्या दाराशी चटई टाकायचे आणि तुम्ही बाहेरून म्हणायचात, “तू झोप. मी शे आठे.” तुम्ही इथे आहात एवढं ऐकलं, की मी दगडासारखी झोपायचे.

आणि उठले की तुमची टिंगल करायचे, तेही आठवतं. तोरणमाळच्या घाटात भरलेली बस वळवणाऱ्या माणसाला एक चाक महिनोन् महिने सरळ करता येईना! आज इकडे लचकतं, उद्या तिकडे. तुम्ही हसायचात नुसते. म्हणायचात, “जुनं चाक शे, हट्टी शे.”

रंगाचंही राहिलंच. कोणता रंग द्यायचा म्हणून तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मी तुमच्या औषधांच्या पुड्या लावत होते. म्हटलं, कोणताही द्या, मला काय करायचंय! तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. पुन्हा का नाही विचारलंत हो? एकदा तरी विचारायचं.

पोळा झाला आणि तुम्हाला नंदुरबारला ॲडमिट केलं. ओट्यावर पाऊस येतो म्हणून रज्जाकभाई सायकल दुकानात घेऊन गेले. तुम्ही काही परत आला नाहीत. बाराव्या-तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, मग आपला प्रशांत पुण्याला गेला आणि मी उरले. आता रात्री कोणी उठवत नाही, दिवसा कोणाकडे बघायचं नाही, झोपेला काही आडकाठी नाही. पण झोप कुठे आहे? दुपारी चटईवर पडते आणि उसाचे ट्रॅक्टर जाताना मोजते. शेजारच्या वहिनी म्हणतात, गोळी घ्या. माझा जीव गोळ्यांना विटलाय.

प्रशांतला ती सायकल हवी होती. तुमच्या भंगाराला आता विंटेज म्हणतात, ठाऊक आहे? हॉलच्या भिंतीवर टांगणार, वरून छोटा दिवा सोडणार. पप्पांची आठवण राहील म्हणाला. त्याचंही मन आहे, मी ने म्हटलं. खरं तर मला ती दारातून गेलेलीच बरी वाटत होती. येत्या रविवारी तो गाडी घेऊन येणार होता, म्हणून आज रज्जाकभाईंनी आणून दिली.

टायर नवे, चेन नवी, सीटला तपकिरी कातडं. नळ्यांवर अजून तांबडा प्रायमरच आहे. मी म्हटलं, रंग नाही दिला? तर म्हणाले, ड्रायव्हरसाबने बोला था, रंग भाभी सांगतील तोच.

मी चहा ठेवला. सहज म्हटलं, तुमच्या साहेबांना ते चाक काही जमलं नाही शेवटपर्यंत. रज्जाकभाई बशीत चहा ओतत होते, ते थांबले. मग मान खाली घालून म्हणाले, “भाभी, चाक तो होळीच्या पहिलेच सीधा झालं होतं. एकदम सीधा.”

मला काही समजेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. संध्याकाळी ते यायचे तेव्हा चाकात काही दोष नसायचा. तुम्हीच त्यांना सांगायचात, दोन-चार तारा ढिल्या करून जा. त्यांना वाटलं, आजारपणाने डोकं फिरलं. एकदा त्यांनी विचारलंच, तर तुम्ही म्हणालात, “हाऊ आवाज चालू ऱ्हायना ना, ते ती झोपस. बंद पडना का उठी बठस.”

मला त्या आवाजानेच झोप लागते, हे तुम्हाला कळत होतं? इतके महिने? आणि मी तुम्हाला नावं ठेवत होते, तेव्हाही गप्प बसलात? अहो, सांगायचं ना! सांगितलं असतंत तर मी झोपले नसते, हे मलाही ठाऊक आहे. तरी सांगायचं. एवढं ऐकून घ्यायचा माझा काही हक्क नव्हता का?

रज्जाकभाई गेल्यावर मी पदर तोंडाला लावून खूप रडले. तुम्ही गेलात तेव्हाही इतकी रडले नव्हते. तेव्हा नुसती दमलेली होते.

मग प्रशांतला फोन केला. म्हटलं, सायकल मिळणार नाही, मी इथेच ठेवतेय. तो बिचारा गोंधळला. तुला चालवता येत नाही, गुडघे दुखतात, “तू तिनं काय करशी, आई?”

मी म्हटलं, “झोपसू.”

रविवारपर्यंत थांबत नाही, उद्याच येतो म्हणाला. येऊ दे, आला की सगळं सांगेन. भिंत त्याची रिकामी राहील थोडे दिवस.

फोन ठेवला आणि सायकल उलटी करायला गेले. हलकी आहे हो! खरंच काही ओझं नाही तिला. ओट्यावर तुमच्या जागी उभी केली, चाक फिरवलं आणि धावत येऊन चटईवर पडले. तोच आवाज. डोळे मिटले. पण तुम्ही फिरवायचात तेव्हा मध्येच पुन्हा जोर यायचा, तसा आता कुठून येणार? टिकटिक मंद झाली, थांबली, आणि मी सवयीने उठून दारात गेले. ओट्यावर ऊन होतं, सायकल होती. पुन्हा फिरवलं, पुन्हा पडले, पुन्हा उठले. शेवटी हे लिहायला बसले.

रंगाचं सावकाश बघू. या वेळी नीट विचार करून सांगेन.

आता एवढंच वचन देते. उद्यापासून दुपारी एकदाच चाक फिरवीन आणि आडवी होईन. थांबलं तरी उठणार नाही.

तुमची,
निर्मला