गल्लीत फसलेल्या गाडीतून दादाला

प्रिय दादा,

धाकट्याचा नमस्कार. तिकडं सगळे कसे आहेत? आईचे गुडघे तिथं तरी दुखायचे थांबले का? बाबांचा दमा कसा आहे, की अजून उशाला बिडीचं बंडल असतंच? रफिक मिस्त्री भेटत असेल, त्याला सांग की त्यानं बसवलेला गिअरबॉक्स अजून कुरकुरत नाही. आणि तुझं काय? छातीत भरून यायचं, ते गेलं ना? इकडं वहिनी बरी आहे. नातवंडं तिला बसू देत नाहीत, तेच तिचं औषध.

तू म्हणशील, मी जिता होतो तेव्हा चार ओळी लिहिल्या नाहीस, आज काय आठवण आली! खरं सांगतो दादा, मी गाडीत कोंडलो आहे. बार्शीटाकळीच्या अलीकडच्या एका गावात, दोन भिंतींच्या मधात. दोन्हीकडचे दरवाजे चार बोटं उघडतात अन् भिंतीला टेकतात. खिडकीतून निघावं म्हटलं तर माझी ढेरी तुला माहीत आहे. सकाळी दहाला घुसलो, आता तीन वाजले. बिल्टीबुकातल्या मालाच्या पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहून राहिलो.

तिवस्याहून सोयाबीनचं कुटार भरलं होतं, इकडच्या गोशाळेतल्या गुरांना भुसा म्हणून. मोठा रस्ता खोदून ठेवलेला, म्हणून फोननं मला गावातून काढलं. केबिन गल्लीत अलगद गेली. मागं कुटार भिंतींना घासलं. कुटार दबतं, म्हणून मी रेटली. मग वरचा दोर पत्र्याच्या अँगलात अडकला. आता मागं घेतली तर एका घराचं छप्पर सोबत घेऊन निघेन! गावकरी मागून हातानं कुटार उतरवताहेत. अन् फोन आपला गोड आवाजात सांगतो, "सरळ जा." शेवटी त्याचा आवाज बंद केला.

फोनचीही गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या जुन्या शेठचा मुलगा आता ट्रान्सपोर्ट पाहतो. गेल्या आठवड्यात म्हणाला, "काका, आपल्या सातही गाड्यांत रस्ता दाखवणारं एकच ॲप टाकाचं आहे. एक फुकटवालं आहे, पण ते कारसाठी बनवलेलं. दुसरं ट्रकवालं, त्याचे पैसे लागतात. तुमी दोनी चालवून पाहा. तुमी म्हणसान ते फायनल."

मला केवढा मान वाटला! फुकटवाल्यानं दुसऱ्याच दिवशी रेल्वेच्या बुटक्या पुलासमोर नेऊन उभं केलं. कार गेली असती, मी अर्धा किलोमीटर रिव्हर्स घेतली. ट्रकवालं शहाणं. ते आधी गाडीची उंची, रुंदी, वजन विचारतं, मग रस्ता दाखवतं.

पण आज मी त्यात रुंदी काय टाकली? आरसी बुकातली. आठ फूट!

कुटार भरल्यावर गाडीचं पोट किती सुटतं हे मला ठाऊक नाही का? तीस वर्षं तुझ्या डाव्या बाजूला बसलो. दोर आवळून झाला की तू सुतळी घेऊन गाडीभोवती फिरायचास, मापाच्या गाठी मारायचास. मी हसायचो, "दादा, गाडीले अंगी शिवतं काय?" तू म्हणायचास, "शिवतो. मापात शिवली का रस्त्यात उसवत नाही."

पण तूही काही कमी नव्हतास. एकदाही म्हणाला नाहीस, ये श्रावण, आज माप तू घे. मला नुसतं खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायला शिकवलंस. आता उतरून कोण पाहील? डाव्या सीटवर माझा डबा बसतो.

दुपारी बाराला शेठच्या मुलाचा फोन आला. "काका, मंग कोणतं टाकू?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ट्रकवालं बेकार आहे शेठ, त्यानंच मले फसवलं. फुकटवालं टाका." तो म्हणाला, "ठीक. संध्याकाळी सगळ्यांच्या फोनमधी टाकतो."

तेव्हापासून या भिंती आणखी जवळ सरकल्यासारख्या वाटतात. सात गाड्या कारच्या रस्त्यानं निघतील. त्यातली कोणती पुलाला धडकेल? अन् खरं सांगितलं, तर शेठ म्हणेल, म्हाताऱ्याला आता मापही कळत नाही, चावी ठेवा. एकसष्टीच्या ड्रायव्हरला दुसरी गाडी कोण देतं, दादा? इकडं भिंत, तिकडं भिंत.

माझ्या खिडकीसमोर चार बोटांवर एका बाईच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. तिचंच छप्पर अडकलेलं. तरी तिनं गजांतून भाकर दिली, वर ठेचा.

"काहो भाऊ, या गल्लीत बैलगाडी फसते, अन् तुमी ट्रक कावून आनला?"

"फोननं सांगतलं, बाई."

"फोनले काय जाते सांगाले! तुमी त्याले गाडीची ढेरी सांगतली होती काय?"

पाच तासांत एवढं नेमकं मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही बाई. लपवली."

"मंग आता निंगा तुमीच," म्हणाली, अन् पाण्याचा ग्लास पुढं केला.

इथवर लिहिलं, पेन ठेवला अन् शेठला फोन लावला. "शेठ, चूक फोनची नाही, माही आहे. भरलेल्या गाडीचं माप न घेता रुंदी टाकली. ट्रकवालंच टाका. अन् दुपारी मी खोटं बोललो."

तो म्हणाला, "बरं काका. ट्रकवालं टाकतो. तुमच्या गाडीचं सोमवारी ऑफिसात बोलू."

सोमवारी काय बोलणं होणार, ते तुलाही कळतं, मलाही.

पण दादा, हा माझा शब्द. गाडी हाती राहिली, तर भरल्यावर सुतळी घेऊन चारी बाजूंनी फिरल्याशिवाय फोनला हात लावणार नाही. नाही राहिली, तर त्या सातही गाड्यांच्या ड्रायव्हरांना माप घ्यायला शिकवीन, अन् सुतळी त्यांच्याच हातात देईन.

उत्तर लवकर टाक. घरच्या पत्त्यावर नको, इथंच टाक. कुटार अजून अर्धंही उतरलं नाही.

तुझा धाकटा,
श्रावण