वाटून घेतलेली गोळी

प्रिय धाकटे,

काल फोनवर मी "त्या गोळ्या बंद कर" म्हटलं, तर तू "बरं, बरं" म्हणालीस. तुझं "बरं" मला शाळेपासून ठाऊक आहे. आणि कारण माझ्या तोंडून निघेना, म्हणून हे पत्र.

शाळेतली आजाऱ्यांची खोली आठवते? आईची अर्धशिशी आपल्या दोघींच्या वाट्याला आली, तीही नेमकी एकाच दिवशी उठायची. सिस्टर आपल्याला एकाच खाटेवर निजवून पडदे ओढायच्या. ओला रुमाल एकच. शंभर मोजेपर्यंत तुझ्या कपाळावर, मग शंभर माझ्या. तू झोपेचं सोंग घेऊन माझेही शंभर लाटायचीस, लबाडे!

अर्धशिशीच्या गोळ्याही मी तशाच वाटत गेले. भावजींची नोकरी सुटल्यावर एवढी महाग गोळी नको म्हणून तू ती सोडलीस. मग "माझ्याकडे उरतात" असं लिहून मी पाठवू लागले. उरतात कुठल्या? महिन्याच्या सहातल्या तीन तुझ्या पाकिटात जायच्या आणि माझ्या तीन भाजीच्या सुरीने अर्ध्या व्हायच्या. फार दुखलं तरच अख्खी.

मंगळवारी तशी अख्खी घेतली आणि छाती आवळून आली. चार दिवस इस्पितळात होते, तुला कळवलं नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद, त्यांना ही गोळी आणखी आखडते. वाटणीचं ऐकून डॉक्टरीणबाई कडाडल्या, "औषध म्हणजे काय विरजण आहे, बहिणीला वाटीभर द्यायला?" वर्गात घालायचे तशी मी मान खाली घातली.

पण खरं पाप वेगळंच आहे. गोळी लिहून देताना त्यांनी विचारलं होतं, घरात कुणाला हृदयाचं दुखणं? मी नाही म्हटलं. बाबा अंगातल्या कोटासकट दारात कोसळले ते मी विसरले नव्हते. हो म्हटलं असतं तर गोळी मिळाली नसती, मला आणि तुलाही.

मागच्या महिन्यात तू म्हणालीस, गोळी घेतली की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, गॅस असेल. धाकटे, तो गॅस नसेल. पत्र आणणारा माझा लेक दारातच थांबेल. चपला घाल आणि त्याच्याबरोबर आत्ताच डॉक्टरांकडे जा. बाबांचं लपवू नकोस. पुन्हा डोकं उठलं तर मला बोलाव. रुमाल एकच आणेन, आणि माझेही शंभर तूच घे.

तुझीच,
खोटं बोललेली थोरली