रेमेदचा ताप

आरोंदा
६ ऑक्टोबर २०२५

चि. लवीना हिस आजीचे अ. आ.

यंदा सायबिणीसाठी गावी सगळ्यांत आधी कोण आली असेल, सांग बघू? शेजारच्या रेमेदची सून रश्मी! वास्कोहून पहिल्या एसटीने, हातात नवा झाडू घेऊन. मी उंबऱ्यात जवळा निवडत होते, तिच्याकडे बघत राहिले आणि निम्मा जवळा मांजराने नेला. मे महिन्यात रेमेदला मातीत ठेवली तेव्हापासून त्या दाराला कुलूप होतं. रश्मी म्हणाली, सायबीण येतली आणि सासूचं घर बंद, असं कसं चालेल?

तुझ्या कॉन्व्हेंटातल्या मुलींना सायबीण ठाऊक नसेल तर सांग त्यांना. मारियामायेची मूर्ती वाड्यातल्या प्रत्येक घरी एकेक दिवस राहते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लादीन, म्हणजे तिची गाणी-प्रार्थना, म्हणून झाली की त्या घरच्या बाईने ती आपल्या हाताने शेजारच्या घरी पोचवायची. आपल्याकडे शनिवारी अठराला येणार. रविवारी आपल्याकडून रेमेदकडे. म्हणजे माझ्या हाताने गो.

आता पोटातलं सांगते. रेमेद आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन इथे आलो, एकाच पाटीत खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्या काढल्या. मग तिच्या माडाचा नारळ आमच्या कौलांवर पडला, मी चार शब्द बोलले, ती पाच बोलली, आणि चार वर्षं अबोला. गेल्या साली सायबीण आपल्या घरातून निघाली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, रेमेदला ताप भरलाय, तिच्याकडे नको, आणि मूर्ती घेऊन थेट पुढच्या घरी चालू पडले. रेमेद दारात उभी होती. झेंडूची कमान केली होती, हातात मेणबत्ती. माझं बोलणं तिला ऐकू गेलं. तिने मेणबत्ती फुंकली आणि आत गेली. बाकीचे गाण्यात होते, मीच तेवढं बघितलं.

आणि बघ नवल, दुसऱ्या दिवशी ती खरोखरच तापाने पडली! डोक्याला फडकं बांधून. मी मनात म्हटलं, देवाने माझी लाज राखली.

आता ती नाही. कुठल्या तोंडाने तिची पायरी चढू? आजारी आहे म्हणून सांगू का? तूच लिही. अक्षर वाकडं आहे, चौथीपर्यंतची शाळा, तीही पावसात बंद. बेसांव तुका, माझा आशीर्वाद गो. तेर्साची माळ ओढताना आजीची आठवण धरत जा.

तुझी आजी


पुणे
११ ऑक्टोबर २०२५

ती. आजीस लवीनाचे सा. न. वि. वि.

मांजराचं वाचून इतकी हसले की सिस्टर बघायला आल्या. पुढचं वाचलं आणि काल दोनदा लिहायला बसले, दोनदा उठले.

आजी, रेमेदआजीने मला शपथ घातली होती, ती आहे तोवर तुला सांगायचं नाही. तिला ताप नव्हता. गेल्या साली मी गावी होते तेव्हा तुझ्या नकळत पेज घेऊन गेले होते. कपाळाला हात लावला तर माठासारखं गार! अंथरुणात बसून उकडलेले चणे खात होती. लादिनीला येणाऱ्यांसाठी टोपभर केले होते, कोणी आलंच नाही. मी विचारलं तर म्हणाली, मी बाहेर हिंडले तर तुझी आजी वाड्यापुढे खोटी पडेल, या वयात तिला ते झेपायचं नाही. म्हणून दोन दिवस पडून राहिली. रविवारची चर्चमधली मिससुद्धा चुकवली तिने. देवाला कळतं, म्हणाली, वाड्याला कळत नाही.

निघताना तिने ओंजळभर चणे दिले, आजीच्या टोपात टाक म्हणून. मी टाकले. तू खाल्लेस आणि म्हणालीस, यंदा चणे बरे शिजलेत.

आजारी पडू नकोस, आजी. ते सोंग त्या घरात एकदा होऊन गेलंय. तुझ्या रागासकट मला तू हवी आहेस, हे विसरू नकोस.

तुझी लवीना


आरोंदा
२१ ऑक्टोबर २०२५

चि. लवीना हिस आजीचे अ. आ.

तुझं पत्र वाचलं. ती फडकं बांधून उकाड्यात पडलेली, आणि मी बाहेर बायकांना मोठ्याने सांगत होते, बघा, मी म्हटलं नव्हतं? तिला आत सगळं ऐकू गेलं असणार गो. मधे तिच्या घराची कुडाची भिंत तेवढी.

रविवारी लादीन झाली. सायबिणीला उचलायच्या आधी मी सगळ्यांसमोर सांगितलं, गेल्या साली रेमेदला ताप नव्हता, मी खोटं बोलले. रेमेदचा मुलगा आग्नेल दारातच होता. त्यालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणाला, आईने तेव्हा फोनवर एवढंच सांगितलं, यंदा चणे फार उरले, न्याहारीला तेच खाते.

मग मी सायबिणीला उचललं. आग्नेलने कोपराला धरलं. मूर्ती मात्र त्याने घेतली नाही, मावशे, तूच आण, म्हणाला. वीस पावलं असतील, तेवढंच अंतर. त्या पायरीवर मी रडले, गाणं कोणी पुढे नेलं ते कळलं नाही. माफी मागावी तर माणूस नाही. सायबिणीला म्हटलं, तिला सांग.

रश्मीचे चणे अर्धे कच्चे. रेमेद असती तर तिने नावं ठेवली असती. मी वाटीभर खाल्ले. खुंटीला ते फडकं अजून टांगलेलं होतं, ते मागून घेतलं. उशाखाली ठेवलंय. धुतलं नाही.

आज सकाळी दोघं वास्कोला गेली. कुलपाची चावी माझ्याकडे ठेवली, कमरेला लावलीय, चालताना वाजते. तू दूर असलीस तरी या म्हातारीवर माया असू दे.

तुझी आजी

ता. क. रेमेदच्या मातीवर मेणबत्ती लावायला मी एकटीने जायचं नाही, अशी आग्नेलची ताकीद आहे. मेलेल्यांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, दोघं येतली. रविवार आहे, तुलाही सुट्टी असेल.