कोऱ्या संमतीपत्राचा वारा

आदरणीय भाऊजी,

साष्टांग नमस्कार. (या खेपेला तो शब्दशः घडला आहे, पुढे येईलच.) गुडघा काय म्हणतोय? दिवसभर मान खाली घालून घड्याळं दुरुस्त करता, अधूनमधून उठून चार पावलं टाकत जा. मी ठीक. कपाळावर टेंगूळ आहे, एवढंच.

त्याचं असं झालं. काल शाळेत नववीच्या मुलींना एचपीव्हीची लस द्यायला नर्सबाई आल्या. (कशावरची लस, ते संमतीपत्रावर लिहिलेलं आहे.) मुली रडकुंडीला आलेल्या. मी पडलो कवायतीचा मास्तर, गळ्यात शिट्टी, मला कुठून स्फुरण चढलं कोण जाणे! सुईला काय भ्यायचं, असं म्हणत बाही वर सारून खुर्चीत बसलो आणि नर्सबाईंना म्हटलं, दंड कसा धरतात तेवढं या भित्र्यांना दाखवा. त्यांनी फक्त ओला कापूस लावला. (सुई अजून डब्यातच होती, हे आता शाळाभर झालं आहे.) मी खुर्चीवरून थेट पालथा. मुली हसून हसून बेजार, आणि त्या हसण्याच्या भरात एकेक जण टोचून घेऊन मोकळी झाली. नर्सबाई म्हणतात, सरांना प्रत्येक शाळेत न्यायला हवं.

डोळे उघडले तर उशाशी तुमची लेक, एका कागदाने वारा घालत होती. रांगेत का नाहीस, विचारलं. म्हणाली, "मामा, बाबांना चष्माच सापडत नाहीये." पत्रकं घरी धाडून तीन आठवडे झाले, तेव्हापासून? भाऊजी, तुम्हाला मोहरीएवढा स्क्रू जमिनीवर पडलेला दिसतो! तो कागद म्हणजे तिचं संमतीपत्र. सहीची जागा कोरी.

बाकी सर्व क्षेम.

आपला मेहुणा

ता. क. रागावलेलो नाही. खरं सांगायचं तर मला चक्कर कापसाने आली नाही. नर्सबाईंच्या मागे तक्ता होता, त्यावर ताईच्या आजाराचं नाव होतं. ती गेल्यापासून चार वर्षं आपण दोघांनी ते तोंडातून काढलेलं नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग. लिहिलं बघा. दोनदा खोडलं, पण लिहिलं.

ता. क. २. ताई नववीत होती तेव्हा ही लस नव्हती. पोरीच्या वेळी आहे. राहिलेल्या मुलींसाठी नर्सबाई गुरुवारी परत येणार आहेत. संमतीपत्र सोबत जोडलं आहे, जरा चुरगळलंय.

ता. क. ३. सही थरथरती आली तरी चालते. मी विचारून घेतलं आहे.