पूनमचे प्रतिपिंड आणि कासुर्डीची बैठक

राहू, ता. दौंड
फेब्रुवारी २००६

ती. दाजींना धाकट्या मेव्हण्याचा, बिरदेवचा, दंडवत. गुडघा आता खाली बसू देतो का, ते तुम्हीच कळवा. अक्का फोनवर फक्त म्हशीची तब्येत सांगते.

तुमच्या गुडघ्यापायी पूनमच्या लग्नाची बैठक एकट्या माझ्यावर आली. यंदाच्या वैशाखात बार उडवायचा, असं तुम्ही बजावलं होतं. पोरीचं पुण्यातलं संशोधन अजून दोन वर्षं आहे म्हटलं, तर तुम्ही तंबाखू मळायला लागलात.

कासुर्डीच्या पाहुण्यांनी सरबराई चांगली केली. मुलगा ज्योतिबा मान खाली घालून बसला होता (रांजणगावच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेला, झोपलाही असेल). त्याचे वडील मल्हारराव यांनी विचारलं, मुलगी करते काय? मी म्हटलं, प्रतिपिंड बनवते. पोहे वाढणारा हात तिथंच थांबला. "म्हंजी, दहाव्याचं?" मल्हारराव म्हणाले. सावरायला गेलो आणि आणखी रुतलो. म्हटलं, तसं नव्हं, त्याला विष बांधती आन् नेमकं एकाच घरात पोचवती, शेजाऱ्याला पत्ता लागत न्हाई. (पेशी म्हणजे बारकं घर, असं पूनमनं समजावलं होतं, तेवढंच सांगायचं राहिलं.) चहा आला, पण माझ्यासमोर कुणी पिईना.

मग मी मेंढरांवर आलो. कळपात दोनच मेंढरं रोगट असली आणि जालीम औषध सगळ्यांना पाजलं, तर धडधाकटही आडवी होतात. आमचा आजा खूण हेरून नेमकी तीच धरायचा. प्रतिपिंडही रोगट पेशीवरची खूण ओळखतं आणि औषध तिच्याच पोटात नेतं.

तेव्हा मुलाची आजी सगुणाबाई आतून आली आणि तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. एक केस नव्हता. "मला समद्या कळपाचं औषध पाजलं, भाऊ," ती म्हणाली. "पोरीचं कवा तयार हुईल?" अजून उंदरांवरच चाललंय, असं मी कसंबसं सांगितलं. "मंग लग्नाची घाई कशाला? शिकू द्या तिला. मला न्हाई घावायचं, कुणाला तरी घावंल." दाजी, मला तिथंच रडू आलं.

बैठक मोडली नाही, लांबली. ज्योतिबा थांबायला तयार आहे. राग धरू नका, दोष माझ्या जिभेचा आहे.

तुमचा
बिरदेव

ता.क. पोरीला ती दोन वर्षं द्या. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

आणखी ता.क. माझ्यासारख्या कांदेवाल्याला 'प्रतिपिंड' हा शब्द कुठून ठाऊक असणार? पुण्यात सगळे अँटिबॉडीच म्हणतात. कासुर्डीत मात्र प्रतिपिंडच म्हणायचं, हे तुमच्या लेकीनं माझ्याकडून घोकून घेतलं होतं.