आकडा सांगायच्या आधी

माय, मी काय काम करते हे तू मला एकदाच विचारलं होतंस. चुलीपुढे भाकरी थापत होतीस. मी म्हणाले, कॉम्प्युटरचं. तू म्हणालीस, "थे तं सारं गाव सांगते. तू काय करतं थे सांग." तेवढ्यात दारात कोणीतरी आलं आणि उत्तर राहून गेलं.

ते आता देते. वेगवेगळ्या ठिकाणची, वेगवेगळ्या मालकांची यंत्रं मिळून एखादं काम करतात. एक दवाखान्याचं असतं, एक विमेवाल्याचं, एक सरकारी. त्यांचा एकमेकांवर भरवसा नसतो, आणि नसावाच. अशा यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहायची एक भाषा मी आणि माझे विद्यार्थी घडवतो आहोत. तिच्यात प्रत्येक माहितीवर ती कोणाची आणि कोणी पाहायची हे लिहावंच लागतं. दवाखान्यातली गोष्ट विमेवाल्याकडे झिरपेल अशी एक जरी वाट उरली, तरी तो प्रोग्रॅम चालूच होत नाही. थोडक्यात, शंका घ्यायचं काम आहे, आणि ते मला जमतं.

कुठून जमतं, हे सांगायला नको. पवनारला तू एकटीने शेती करायचीस तेव्हा वर्ध्याच्या बाजारातला कापसाचा भाव तू दोघांना विचारायचीस. एक किराणा दुकानदार, दुसरा धामच्या काठचा कास्तकार. बांधावरून दोघांचं असं फाटलेलं की समोरासमोर आले तरी मान फिरवायचे. म्हणूनच तू त्यांना निवडलं होतंस. "बोलतच नाईत एकमेकाशी, तं ठरवून खोटं कसं बोलतीन?" पुढे कुणाच्या तरी लग्नात चार माणसांनी त्यांचं जुळवून दिलं. सगळं गाव खूश. मांडवात तू एकटी तोंड पाडून बसली आहेस, आणि पंगतीत माझ्या कानाशी लागून म्हणते आहेस, "आता भाव कोनाले विचारू वं?" तुला कॉम्प्युटर कळत होता असं मी म्हणणार नाही. टाळ्यांसाठी लोक भाषणात अशा गोष्टी सांगतात. तुला माणसं कळत होती, किंवा तू त्यांना भीत होतीस. मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

तर झालं असं. मागच्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, तुह्या मोबाइलवर आकडा येईन. मले सांग लवकर, सेंटरवर बसून राह्यलो." कशासाठी, विचारलं तर म्हणाला, वावराच्या नोंदणीसाठी. तुझ्यामागे शेत आम्हा दोघांच्या नावावर आहे. आकडा आला. खाली लिहिलेलं, कोणालाही सांगू नका. एरवी मी सांगितला असता की नाही कोण जाणे, पण आठवडाभर आधी भावजयीने फोन करून विचारलं होतं, "ताई, साडीत तुमाले कोनता रंग आवडते?"

आपल्याकडे बहिणीला साडी कधी नेसवतात, तुला ठाऊक आहे. ती वावरावरचा हक्क सोडते तेव्हा. तुझ्या नणंदांना अशाच साड्या नेसवून पाठवल्या होत्या. त्या दोघी मागच्या दारी रडल्या, आणि तू मला म्हणालीस, "तू साडी पाहून वावर सोडजो नको."

मी आकडा दिला नाही. मग तो म्हणाला, "काऊन ताई, मी का चोर हो?" मी म्हणाले, मी येते. तो म्हणाला, "ये. आपल्या डोयानं पाहून घे," आणि फोन ठेवला.

स्टेशनवर घ्यायला आला. रिक्षाने थेट सेंटरवर नेलं. सेंटरमध्ये बसलेल्या माणसाने नवा आकडा मागवला आणि हात पुढे केला. मी स्क्रीन माझ्याकडे वळवायला सांगितली. "मॅडम, सारेच फोनवर सांगते. तुम्ही पह्यल्याच." धाकटा भिंतीकडे पाहत म्हणाला, "आमच्या ताईले शंका घ्याचाच पगार भेटते." बाकावरचे दोघं-तिघं हसले. मी हसले नाही. एकेक ओळ वाचली. माझं नाव होतं, मोठी म्हणून त्याच्या नावाच्या वर. आकडा मी स्वतःच्या बोटाने टाकला.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुहं नाव ठेवलं म्हनून तं तुह्या फोनवर आकडा येते. काढाचं असतं तं तुले सांगून काढलं असतं का?" बोलणं सरळ होतं. आणि माझ्या मनात काय आलं असेल? नाव काढणारा माणूसही हेच बोलला असता.

बोरगावला त्याच्या घरी गेलो. भाचीचं साक्षगंध ठरलं होतं, आत्या म्हणून मला साडी. बातमी समोरासमोर सांगायची म्हणून फोनवर बोलले नव्हते. भावजयीने कुंकू लावलं, मोरपंखी साडी हातात ठेवली. "रंग तुमी सांगतलाच नाई, मंग मीच घेतला." मी काठ चाचपत बसले. कापड चांगलं होतं. तेवढंच म्हणाले.

निघताना तो गाडीत बॅग ठेवायला चढला. सीटखाली सरकवताना माझ्याकडे न पाहता विचारलं, "परत आकडा आला तं?"

"फोन करजो. सांगीन."

"नोको सांगू," तो म्हणाला. "तू येजो." आणि उतरून गेला. गाडी हलेपर्यंत थांबला नाही.

हे तुला कुठे पाठवणार, आणि त्याला वाचायला देण्याची हिंमत नाही. त्याचे ते दोन शब्द टोमणा होता की बोलावणं, हे मला कळलं नाही. विचारता आलं असतं, फोन हातातच होता. भावजयीला वेगळं विचारून ताडूनही पाहता आलं असतं. काही केलं नाही. बोलावणंच होतं, असं धरून चालले आहे.